माझ्या तोंडची जबानी

मी साक्षीदार होते. खुनाच्या मुकदम्यात सरकारने समन्स पाठवून बोलावलेली साक्षीदार. अकोल्याच्या कचेरीत मोठ्या साहेबासमोर उभी राहून मी जबानी दिली, आणि जशी दिली तशीच लिहून घ्यायला लावली. आता केस पांढरे झाले, निम्मे दात गेले, पण ही गोष्ट सांगायला बसले की माझी पाठ आपोआप ताठ होते.

सांगते मी आणि लिहितो माझा मुलगा. तो शाळेत मास्तर आहे, त्याची भाषा पुस्तकातली. ती मला चालते. फक्त तेव्हा जो जे बोलला ते त्याच्याच बोलीत ठेवायचं आणि पान भरलं की मला वाचून दाखवायचं, एवढी अट मी घातली आहे. त्याने हो म्हटलं. माझ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

कापसाला भाव चढला होता ती वर्षं. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि तिथल्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली होती. हे कारण मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की ज्या वावरात आधी ज्वारी डुलायची तिथेही कापसाची पऱ्हाटी उभी आहे आणि ज्याला त्याला हातभर जमीन जास्त हवी आहे. आमच्या शेताला लागून ज्याचं शेत होतं, त्याच्याशी माझ्या सासऱ्यांचं याच हातभर जमिनीवरून वाजलं होतं. सासरे म्हणायचे, त्याने धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, आमच्याकडे सरकवला. तो म्हणायचा, यांनीच त्याच्याकडे सरकवला. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. त्या शेजाऱ्यावरच पुढे खुनाचा आळ आला.

माघाचा महिना होता. सासरे कापसाची गाडी घेऊन अमरावतीला निघाले, आणि अंबादेवीची ओटी भरायची म्हणून मीही गाडीत बसले. माझे घरधनी वेचणीवर मजूर लावून शेतातच थांबले होते. वाटेत आमच्या पुढे शेजाऱ्याचीच गाडी लागली. दोघे कर्ते पुरुष, पण रस्ताभर एकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही. बैल मात्र एकमेकांना ओळखत होते. त्याच्या गाडीमागे आमचे बैल मुकाट चालत राहिले, आणि अमरावतीच्या कापूसबाजारात पोचलो तेव्हा रांगेतही त्याची गाडी आमच्या पुढेच उभी राहिली.

रांग गावाबाहेरपर्यंत गेली होती. गाड्या आवरायला व्यापाऱ्यांनी लाठ्या घेतलेले पहारेकरी ठेवले होते. सासरे म्हणाले, "तू कासरा धरून बस, मी अडत्याले भाव विचारून येतो," आणि ते गेले. मी गाडीच्या पुढच्या बाजूला उंच बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे आड काही नव्हतं.

एक पहारेकरी आला आणि शेजाऱ्याला म्हणाला, गाडी बाजूला घे, मागून शेटजीच्या गाड्या येऊन राहिल्या. शेजारी म्हणाला, "कावून घेऊ? मी सकाळपासून उभा हावो." पहारेकऱ्याने आधी बैलाच्या तोंडावर लाठी मारली. शेजारी खाली उतरला आणि मध्ये गेला, तेव्हा लाठी त्याच्यावर सुरू झाली. खांद्यावर, पाठीवर, मग तो गुडघ्यावर बसला तरी पाठीवरच. तो मारत होता आणि हा नुसता "अरे, अरे" म्हणत होता. मग याच्या हाताला गाडीची उभारी लागली. गाडीत माल भरला की तो सांडू नये म्हणून बाजूला उभा दांडा खोवतात, तो. त्याने तो ओढून दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा धरला. लाठी त्या दांड्यावर आपटली. हा उठला आणि आडव्या दांड्यानेच त्याने पहारेकऱ्याला मागे रेटलं. मागे तोलाईचे दगड रचून ठेवले होते. पहारेकऱ्याची टाच त्यात अडकली आणि तो उताणा पडला. डोक्याची मागची बाजू दगडावर आली.

 शेजारी उभारी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

पहारेकरी संध्याकाळी मेला. त्याच्या सोबत्यांनी फौजदाराला सांगितलं, की गाडीवानाने काही कारण नसताना उभारी डोक्यात घातली. रांगेतल्या बाकीच्या गाडीवानांना विचारलं तर कोणी बैलांना पाणी दाखवायला गेला होता, कोणी झोपला होता. मी मात्र शेजाऱ्याच्या मागच्याच गाडीवर बसलेली सगळ्यांनी पाहिली होती. फौजदार मला म्हणाला, "बाई, तुमाले साक्ष द्यावी लागन."

सासरे त्या दिवशी रागावले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं, आणि ते मला आवडलं नाही.

खुनाचा न्याय एका जागी होत नाही, हे मला त्या वर्षी समजलं. आधी फौजदार चौकशी करतो. मग लहान साहेब साक्षी ऐकतो. तो शिक्षा देत नाही, पुरावा पुरेसा आहे की नाही एवढंच पाहतो, आणि वाटलं तर आरोपीला मोठ्या साहेबाच्या न्यायासाठी पाठवतो. तोवर आरोपी तुरुंगात. अमरावतीला लहान साहेबापुढे माझी पहिली जबानी झाली. साहेब वर बसला होता आणि खाली बैठकीवर एक कारकून मोडीत भराभर लिहीत होता. कारकून देशावरचा होता, पुण्याकडचा. नवं राज्य आलं तेव्हा कचेऱ्यांना लिहिणारी माणसं हवी होती, तसे पुष्कळ जण तिकडून आले होते. माणूस सभ्य होता, मला "बाई, बसता का?" म्हणून विचारलं होतं. पण तो बोलायचा ते मला निम्मं कळायचं आणि मी बोलायचे ते त्याला निम्मं.

त्याने विचारलं, पहारेकरी खाली पडला त्याच्या आधी काय चाललं होतं?

मी म्हटलं, "मारून राहिला होता त्याले."

त्याने लिहिलं. मग विचारलं, नंतर आरोपी काय करत होता? मी म्हटलं, "उभा होता, उभारी धरून."

शेवटी त्याने सगळं वाचून दाखवलं, पण झरझर, आणि त्या कागदी भाषेत. त्यात "सदरहू" होतं, "मजकूर" होतं, आणखी काय काय होतं. मला वाटलं, कचेरीचं बोलणं असंच असतं, आपण बोललो ते यात कुठेतरी असेलच. त्याने बोट दाखवलं तिथे मी निशाणी केली. आमच्याकडे बाप्ये निशाणी म्हणून नांगर काढायचे आणि बाया बांगडी. मी टाकाने एक वाकडातिकडा गोल काढला.

गावात परतले तर आठवडाभरात कुजबुज सुरू झाली, की हिच्या जबानीने तो लटकणार. मला उमगेना. मार खाणारा मी सांगितला आणि फाशीही त्यालाच? सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "कायद्याचं तुले काय समजते? कायद्यात तसंच असन."

मग एके दिवशी विहिरीवर शेजाऱ्याची बायको मला भेटली. बोलणं बंद असल्यापासून ती मला पाहून तोंड फिरवायची. त्या दिवशी तिने घागर खाली ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माय, भांडण धुऱ्याचं होतं," ती म्हणाली. "त्यासाठी माह्या घरधन्याले फाशी देऊन राहिली का तू?"

"मी कायले फाशी देऊ? मी तर खरंच सांगतलं."

"काय सांगतलं?"

मी तिला पाहिलं ते सगळं सांगितलं. बैलाच्या तोंडावरच्या लाठीपासून. ती ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"आमच्या मुखत्यारानं तुह्या जबानीचा कागद वाचला," ती म्हणाली. "त्यात लिवलं हाय का आरोपीनं पहारेकऱ्याले मारलं, अन् मारून तिथीच उभा राहिला."

 माझे शब्द मी मनात परत म्हणून पाहिले. मारून राहिला होता त्याले. कोण मारत होता ते मी वेगळं सांगितलं नव्हतं, कारण प्रश्नच पहारेकऱ्याचा होता. आणि आमच्याकडे एखादा जेवत असला तर आम्ही म्हणतो, जेवून राहिला. झोपत असला तर झोपून राहिला. पुण्याकडच्या कानाला ते तसं लागलंच नसणार. त्याने ऐकलं, मारून झालं आणि मग तो राहिला. कोण? तर ज्याच्यावर आळ आहे तोच.

मी तिला म्हटलं, "मी अकोल्याले जाईन तवा बरोबर करून घेईन." बोलून तर गेले. पुढे कसं करायचं ते मात्र ठाऊक नव्हतं.

खटला अकोल्याला चालणार होता, कारण मोठ्या साहेबाचा मुक्काम तेव्हा तिथे होता. उन्हाळा तापला होता. आम्ही पहाटे गाडी जुंपायचो आणि ऊन चढलं की झाडाखाली सोडायचो. बडनेऱ्याच्या पुढे ठिकठिकाणी आगगाडीसाठी मातीचा लांब बांध घातलेला दिसत होता, अजून त्यावर रूळ नव्हते.  मूर्तिजापूरच्या अलीकडे एका आमराईत भाकरी सोडली तेव्हा मी त्यांना सांगितलं, की कागदात चूक आहे आणि मी ती साहेबापुढे सांगणार आहे.

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"तुले कोणी शिकवलं हे? त्याच्या बायकोनं?"

"मले कोणी नाही शिकवलं, मामाजी. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"पाह्यलं असशील. पण एक डाव कागदावर निशाणी झाली, का मग त्याच्या भाएर बोलता येत नाही. खोटी साक्ष म्हणून तुलेच आत टाकतील. घराची सून तुरुंगात! अन् कोणासाठी? त्याच्यासाठी?"

त्यांचा राग खोटा नव्हता आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. खोट्या साक्षीला शिक्षा होती, आणि ती आपल्याला होईल याची मलाही धास्ती होती. मी म्हटलं, "मामाजी, तुमचं भांडण तुमी भांडा. धुऱ्यासाठी साक्ष लागली तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण याच्यात धुरा नाही."

ते उठले. बैलांकडे गेले आणि उगीचच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

अकोल्याची कचेरी मला पहिल्या नजरेला लग्नघरासारखी वाटली. ओसरीवर माणसंच माणसं, लाल पट्टेवाले, पान खाणारे मुखत्यार, कोपऱ्यात पाण्याचे रांजण. आत मात्र शांत होतं. मोठा साहेब उंचावर बसला होता. त्याच्या बाजूला दोन पंच खुर्च्यांवर होते, एक इकडचाच देशमुख आणि एक पेढीवाला. न्याय साहेबाचा, पण त्याने आधी या दोघांचं मत विचारायचं, अशी रीत होती. खाली शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतला मोठा कारकून, बसला होता. तोही देशावरचाच, पागोटं बांधलेला, वयस्क माणूस. सरकारच्या बाजूने एक पोलीस अंमलदार उभा होता. आणि एका बाजूला कठड्यात, दोन शिपायांच्या मध्ये, आमचा शेजारी. तुरुंगात त्याचा निम्मा देह उरला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय असेल ते मला कळलं.

आधी डाक्तरची साक्ष झाली. तो म्हणाला, डोक्याला एकच जखम होती, मागच्या बाजूला. दांड्याने होऊ शकते, पडूनही होऊ शकते. मग पहारेकऱ्याचे सोबती बोलले. मग माझं नाव पुकारलं गेलं.

परमेश्वराला समोर ठेवून खरं सांगेन, असं मला म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्यानंतर अंमलदाराने विचारलं आणि मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. गाडी कुठे होती, बैलाला कसं मारलं, मग याला कसं मारलं. बोलता बोलता दिसलं, की अंमलदाराच्या कपाळाला आठ्या पडत चालल्या आहेत. त्याने मला थांबवलं, अमरावतीचा कागद मागून घेतला आणि मोठ्याने वाचला. आरोपीने पहारेकऱ्यास मारले व मारून तेथेच उभारी घेऊन उभा राहिला.

"ही निशाणी तुझी का?" त्याने कागद माझ्यापुढे धरला.

"माहीच हाय जी."

"मग आज दुसरं कसं सांगतेस?"

"निशाणी माही हाय जी. बोल माहा नाही."

सगळीकडे चुळबुळ झाली. अंमलदार साहेबाकडे वळून म्हणाला, ही साक्षीदार फुटली आहे, दोघे एकाच गावचे आहेत, हिला पढवलेलं आहे. आणि मला म्हणाला, खोट्या साक्षीबद्दल काय होतं ते ठाऊक आहे ना? पाठीमागे माझे सासरे खाकरले. त्यांचं ते खाकरणं मी घरात रोज ऐकायचे. ते घाबरले होते.

साहेबाने हात वर केला. तो मराठी बोलायचा, मुन्शीकडून शिकलेली, एक एक शब्द वेगळा ठेवून.

"बाई, भिऊ नका. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या. खरी कोणती?"

"साहेब, गोष्ट एकच हाय. दोन त्या कागदानं केल्या."

"कशा?"

 समजावून कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. व्याकरण म्हणतात ते मला आजही येत नाही. पण साहेब हनुवटीला हात लावून माझ्याकडे पाहत होता, थांबला होता, आणि मला एकदम सुचलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमी आता काय करून राहिले?"

पट्टेवाल्याने "ए बाई!" म्हणून आवाज दिला. साहेबाला कोणी प्रश्न विचारत नाही. साहेबाने त्याला गप्प केलं आणि म्हणाला, "मी ऐकत आहे."

"तेच जी. तुमी आयकून राहिले. आयकून झालं अन् मंग राहिले, असं नाही. अजून आयकूनच राहिले. तसाच पहारेकरी त्याले मारून राहिला होता. मारणं चालूच होतं त्याचं. मले अमरावतीले विचारलं का पहारेकरी पडायच्या आधी काय चालू होतं, तर म्या सांगतलं, मारून राहिला होता त्याले. म्हणजे पहारेकरी. गाडीवान नाही. गाडीवान तर खाली बसून मार खाऊन राहिला होता."

 मग बाजूच्या खुर्चीवरचे देशमुख पंच मोठ्याने म्हणाले, "खरं हाय साहेब. मी बी आयकूनच राहिलो." आणि सगळी कचेरी हसली. साहेबही हसला. शिरस्तेदार तेवढा हसला नाही. त्याने अमरावतीचा कागद हातात घेतला, ती ओळ ओठांतल्या ओठांत वाचली आणि मग उभा राहून म्हणाला, "साहेब, बाई म्हणतात तसं होऊ शकतं. आमच्याकडे हा प्रयोग नाही. मी इथे आलो तेव्हा माझ्याही पुष्कळ चुका झाल्या." त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून मान आहे. त्याला गप्प बसता आलं असतं.

आरोपीच्या मुखत्याराने मग तुरुंगाच्या डाक्तरला पुढे केलं. त्याने सांगितलं, की आरोपीला आत घेतलं तेव्हा त्याच्या पाठीवर आणि खांद्यावर लाठीचे वळ होते. आजवर कोणी ते विचारलंच नव्हतं.

माझी जबानी पुन्हा लिहिली गेली. शिरस्तेदाराने वाचून दाखवलं, सावकाश. "पहारेकरी गाडीवानास लाठीने मारीत होता."

मी म्हटलं, "हे तेच हाय का जी, म्या सांगतलं ते?"

"तेच आहे, बाई."

"मंग माह्या तोंडचा शब्द बी लिवा. म्हणजे आणखी कोणी वाचलं तर गडबड नको."

अंमलदाराने श्वास सोडला. साहेबाने मान हलवली. शिरस्तेदाराने पुन्हा टाक बुडवला आणि लिहून वाचलं: साक्षीदाराचे शब्द, मारून राहिला होता, म्हणजे मारीत होता. मग मी निशाणी केली. या वेळची बांगडी चांगली गोल आली.

दुपारनंतर पंचांना विचारलं गेलं. देशमुख म्हणाले, गुन्हा नाही. पेढीवाले थोडा विचार करून म्हणाले, माणूस मेला हे वाईट झालं, पण गुन्हा नाही. साहेब बराच वेळ आपल्या कागदावर लिहीत राहिला. मग त्याने शेजाऱ्याला उभं केलं आणि सांगितलं, की स्वतःचा जीव वाचवायला माणसाने हात उचलला तर कायदा त्याला गुन्हेगार म्हणत नाही. तू सुटलास.

शेजाऱ्याला ते समजलंच नाही. शिपायाने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला दरवाज्याकडे वळवलं तरी तो पुन्हा कठड्याकडेच जायला लागला. बाहेर त्याची बायको होती. ती ओसरीच्या खांबाला धरून खाली बसली. मी तिच्याकडे गेले नाही. तो वेळ त्या दोघांचा होता.

सासरे रांजणाजवळ उभे होते. त्यांनी एक गडू भरून माझ्या हातात दिला. सुनेला पाणी काढून देणारे सासरे आमच्याकडे कोणी पाहिले नव्हते. मी पदर सावरून प्याले.

"भेव नाही वाटलं तुले?" त्यांनी विचारलं.

"वाटलं नं."

"दिसलं नाही," ते म्हणाले आणि गाडी जुंपायला गेले.

 गावात पोचलो त्या संध्याकाळी चावडीवर लोक जमले. कोणीतरी टोमणा मारला, की पाटलाच्या वैऱ्याला पाटलाच्याच सुनेने सोडवलं. आम्ही पाटील नव्हतो, पण सासऱ्यांना चिडवायला लोक त्यांना पाटील म्हणायचे. मी घरात चुलीपाशी होते आणि चावडी समोरच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. सासऱ्यांचा आवाज चढला.

"सोडवलं नाही! खरं बोलली ती. मोठ्या साहेबाले तिनं उलटा सवाल केला. 'तुमी काय करून राहिले' म्हणून विचारलं. तुह्या घरात हाय का कोणी असं विचारणारं?"

त्यानंतर वर्षानुवर्षं, कोणी पाहुणा आला की ते ही गोष्ट सांगायचे. प्रत्येक वेळी साहेब थोडा उंच व्हायचा, कचेरी थोडी मोठी व्हायची आणि शेवटी देशमुखांच्या जागी सासरेच बोललेले असायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. माझे घरधनी हळूच हसायचे.

शेजाऱ्याने माझे आभार कधी मानले नाहीत. तसं बोलायची त्याला सवय नव्हती. पुढच्या पेरणीला तो आणि सासरे धुऱ्यावर उभे राहून पुन्हा तावातावाने भांडले आणि मला मनातून बरंच वाटलं. तुरुंगात अर्धा झालेला माणूस आता पुन्हा ओरडण्याइतका धट्टाकट्टा झाला होता. त्याची बायको मात्र विहिरीवर माझ्यासाठी थांबू लागली. आधी मला पाणी ओढू द्यायची आणि मग स्वतः ओढायची.

आणि बाया माझ्याकडे येऊ लागल्या. कचेऱ्या वाढल्या तशी समन्सं वाढली. कोणाच्या घरी चोरी झालेली, कोणी मारामारी पाहिलेली. आमच्याच गावातून नाही, आसपासच्या गावांतूनही यायच्या आणि विचारायच्या, काय करायचं गं? मी सांगायचे, आपल्याच बोलीत बोलायचं, कोणासारखं बोलायला जायचं नाही. तो वाचून दाखवेल ते सगळं ऐकायचं, कळलं नाही तर परत वाच म्हणायचं. त्याला घाई असली तरी आपल्याला नसते. आणि ऐकल्याशिवाय बांगडी काढायची नाही.

एकदा एका तेलिणीसोबत मी स्वतः अमरावतीला गेले होते. तिच्या तेलाच्या घाण्यावरून बैल चोरीला गेला होता आणि चोराला तिने पळताना पाहिलं होतं. ती आत गेली आणि मी ओसरीवर बसून राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा ती बाहेर आली, घामाने भिजलेली, आणि दुरूनच मला ओरडून म्हणाली, "दोनदा वाचायले लावलं! कारकून चिडला होता, पण वाचलं त्यानं!"

आम्ही दोघी इतक्या मोठ्याने हसलो की पट्टेवाला पाहायला आला. मग अंबादेवीच्या समोरच्या दुकानातून तिने शेव घेतली, मी गूळ घेतला आणि गाडीत बसून खात खात आम्ही घरी आलो.